वरातीतला अँथनी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, पंखा पाचवर ठेवून मी अमेरिकेतल्या क्लायंटशी कॉलवर होतो. प्रॉडक्शनवर काहीतरी फाटलं होतं आणि ते का फाटलं हे मी त्याला शांत आवाजात समजावत होतो. तेवढ्यात खाली वरात आली. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल, डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेली पोरं, मागे जनरेटरची गाडी. आणि गाणं कुठलं? तेच. अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो, ते.

मी म्यूट करायच्या आत आवाज रॉचेस्टरला पोचला होता. क्लायंट हसला आणि विचारलं, हे काय वाजतंय? मी म्हटलं, जुनं सिनेमातलं गाणं आहे, अँथनी गोन्साल्विस नावाच्या माणसाबद्दल. कोण हा? मी म्हटलं, कुणी नाही, पात्र आहे एक.

बग रात्री दोनला सापडला. माझं उत्तर चुकीचं होतं हे कळायला आणखी आठवडा गेला.

'अमर अकबर अँथनी' १९७७ चा. मनमोहन देसाईंचा. माझ्या जन्माच्या वीसेक वर्षं आधीचा, तरी माझा तोंडपाठ, कारण रविवारी दुपारी टीव्हीवर दुसरं काही नसायचं. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. या जोडीतले प्यारेलाल शर्मा हे मुळात व्हायोलिनवाले. लहानपणी ज्या गुरूकडे ते व्हायोलिन शिकले, त्या गुरूंचं नाव अँथनी गोन्साल्विस. किस्सा असा सांगतात की सिनेमातल्या पात्राचं आडनाव आधी फर्नांडिस असं ठरलं होतं, ते चालीत नीट बसेना, तेव्हा प्यारेलालनी आपल्या मास्तरांचं आडनाव सुचवलं. किस्सा थोडा रंगवलेला असेल. पण गुरू खरे होते. व्हायोलिन वाजवणारे, वाद्यवृंदासाठी संगीत लिहिणारे, आणि गाणं गल्लोगल्ली वाजत होतं तेव्हा दक्षिण गोव्यातल्या एका गावात हयात असलेले.

मला हे वाचून जरा विचित्रच वाटलं. कोट्यवधी लोकांना तुमचं पूर्ण नाव पाठ आहे, लहान मुलं ते ओरडतात, आणि यातल्या एकालाही तुम्ही अस्तित्वात आहात याचा पत्ता नाही.

अँथनींचा जन्म १९२७ चा, सासष्टी तालुक्यातल्या माजोर्ड्याचा. वडील जुझे आंतोनियु गोन्साल्विस हे गावच्या चर्चचे गायनमास्तर. मुलाचे पहिले गुरू तेच. चर्चच्या गायनमास्तराला पोर्तुगीजमध्ये 'मेस्त्र' म्हणतात. आपला गवंडी-सुतार 'मिस्त्री' त्याच शब्दातून आलाय. मला हे फार आवडलं, कारण हे मेस्त्र लोक करत होते तेही बांधकामच होतं.

गोव्यात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून शाळा काढल्या. त्यात लिहिणं-वाचणं, धर्मशिक्षण आणि संगीत. उद्देश सरळ होता: मिस्साला गाणारी आणि वाजवणारी माणसं हवी होती. ती दरवेळी लिस्बनहून कशी आणणार? म्हणून गावातली पोरं तयार करायची. रेघांवरची स्वरलिपी वाचायची, ती वाचत वाचत बोलून-गाऊन दाखवायची आणि मग हातात व्हायोलिन. धर्मांतराचा, इन्क्विझिशनचा आणि या संगीताचा इतिहास एकाच कापडाचा आहे, तो वेगळा काढता येत नाही. पण त्यातून झालं असं, की भातशेती करणाऱ्या, मासे धरणाऱ्या घरांतली मुलं दहाव्या-बाराव्या वर्षी पाश्चात्त्य नोटेशन असं वाचायची, जसं मी आणि तुम्ही व्हॉट्सॲप वाचतो.

हे सगळं वाचताना मला सारखा व्हिवाल्डी आठवत होता. तोच, 'फोर सीझन्स'वाला, ज्याचा एक तुकडा कस्टमर केअरला होल्डवर ठेवल्यावर ऐकू येतो. बरोक काळातला सगळ्यात प्रसिद्ध व्हायोलिनवादक-संगीतकार. जन्म व्हेनिसचा, १६७८. वडील आधी न्हावी होते, मग सेंट मार्क चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायला लागले, आणि मुलाला त्यांनीच शिकवलं. मुलगा पाद्री झाला १७०३ मध्ये, आणि त्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी, त्याला पहिली नोकरी लागली. कुठे? 'पिएता' नावाच्या अनाथालयात, मुलींना व्हायोलिन शिकवायची. त्या मुली जाळीआड बसून वाजवायच्या आणि सगळं व्हेनिस ऐकायला यायचं. १७०५ मध्ये त्याची पहिली रचना-वही छापली गेली. १७०९ मध्ये संस्थेच्या मंडळाने त्याची नोकरी पुढे चालू ठेवायची का यावर मतदान घेतलं, आणि तो सहा विरुद्ध सात मतांनी हरला. एका मताने! दोन वर्षांनी त्याच मंडळाने त्याला परत बोलावलं. अप्रेझलचं राजकारण तीनशे वर्षांपूर्वीही होतंच. त्याच वर्षी, १७११ मध्ये, ॲम्स्टरडॅमला त्याच्या बारा कॉन्चेर्तोंची वही निघाली. ती जर्मनीत बाखच्या हाती लागली, आणि बाखने त्यातल्या काही रचना ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डसाठी उतरवून काढल्या.

बरोक संगीतकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा विग येतो. पण त्या विगखाली होता एक नोकरदार माणूस. बाप मास्तर, चर्च कंपनी, दर रविवारची डेडलाइन, शिकवण्या, आणि वरून ऑर्डर आली की लिहायचं. बाखसुद्धा लायप्झिगला १७२३ पासून हेच करत होता. युरोपात ही नोकरी पुढे बदलत गेली, संगीतकार दरबार आणि चर्च सोडून थिएटरात आणि मैफलीच्या हॉलमध्ये गेला. गोव्याच्या गावांत ती पदवी, ती शाळा आणि ती डेडलाइन विसाव्या शतकापर्यंत तशीच राहिली. म्हणून मी म्हणतो की आपल्या जवळपासच्या मुलखात बरोक व्हायोलिनवाल्याचं तरुणपण शोधायचं तर ते १९३० च्या दशकातल्या माजोर्ड्यात सापडेल. हे इतिहासकारांना चालेल की नाही माहीत नाही. मला चालतं.

पण गावात पैसा नव्हता. गोवा पोर्तुगिजांकडे, कारखाने नाहीत, शेती थोडी, आणि वाचता येणारं संगीत भरपूर. शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान. तिथे हॉटेलं, क्लब, संस्थानिकांचे आणि लष्कराचे बँड, मूकपटांची थिएटरं, बोटी. सगळ्यांना नोटेशन वाचणारे वादक हवे होते. मग पोरं निघाली. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. पणजीहून आगबोट, नाहीतर लोंढ्यावरून मोठा वळसा घालून गाडी. मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागात गावागावांच्या खोल्या असायच्या, त्यांना 'कूड' म्हणत. एकेका खोलीत ट्रंकांच्या रांगा, भिंतीवर देव आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना. आयटीतली पोरं हिंजवडीत जशी एका टूबीएचकेत आठ-आठ राहतात, तोच प्रकार, फक्त गावाची शिस्त जास्त.

१९४३ मध्ये अँथनी मुंबईत नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिनवर दाखल झाले. वय सोळा. सोळाव्या वर्षी मी कल्याणच्या एका क्लासच्या मागच्या बाकावर बसून फिजिक्सचे न्यूमेरिकल्स कॉपी करत होतो.

त्या काळातलं रेकॉर्डिंग कसं व्हायचं ते समजून घेतलं की या माणसांचं काम किती कठीण होतं हे कळतं. आजच्यासारखं प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, नंतर जोडा, चुकलं तर तेवढंच परत वाजवा, असं काही नव्हतं. गायिका, तबला, सतार, वीस-वीस व्हायोलिनं, सगळे एका खोलीत, मोजके माइक, आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. मागच्या रांगेतल्या एकाचा गज घसरला की सगळ्यांनी परत पहिल्यापासून. अनडू नाही.

आणि वाजवायचं ते लिहायचं कोणी? इथे गोवेकर आले. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधायचा. मुखडा, अंतरा. त्याच्याजवळ सूर होता, राग होता, ठेका होता. पण वीस व्हायोलिनं त्या चालीमागे काय करतील, मुखडा संपून अंतरा येईपर्यंतच्या मधल्या जागेत काय वाजेल, बासरी कुठे आत येईल, चेलो खालून काय धरून ठेवेल, हे कागदावर उतरवायला स्वरलिपी लिहिता येणारा माणूस लागायचा. त्याला अरेंजर म्हणत. पडद्यावर नाव आलंच तर 'सहायक' म्हणून. सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिक चॉकलेट होते. 'अलबेला'त ते आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. शंकर-जयकिशन यांच्याबरोबर सेबॅस्टियन डिसूझा. आणि या मंडळींतच अँथनी गोन्साल्विस, आधी वादक आणि मग अरेंजर.

बरोक काळातही अशीच वाटणी होती हे मला नंतर कळलं. तेव्हा संगीतकार सगळं लिहून देत नसे. वर मुख्य सूर, खाली खर्जाची एक ओळ आणि त्या ओळीला चिकटून बारीक आकडे, बस. हार्प्सिकॉर्डवर किंवा ऑर्गनवर बसलेला माणूस ते आकडे बघायचा आणि मधली सगळी भरणी जागच्या जागी करायचा. म्हणजे इंटरफेस तेवढा लिहून द्यायचा, इम्प्लिमेंटेशन तुझं तू बघ. व्हिवाल्डीची मैफल ऐकून लोक व्हिवाल्डीचं नाव घेत घरी जायचे. मधली भरणी करणाऱ्याचं नाव कागदावर नसायचं.

आता थोडं स्वतःबद्दल. एका प्रोजेक्टवर मी आणि माझ्या टीममेटने आठ महिने एक मॉड्यूल लिहिलं. शनिवार-रविवार घातले. मग एक नवा मॅनेजर आला, त्याला कोडची मांडणी आवडली नाही, त्याने एक फॉरमॅटिंगचं टूल चालवलं आणि सगळ्या फायली एका फटक्यात परत सेव्ह केल्या. आता 'गिट ब्लेम' मारलं की प्रत्येक ओळीपुढे त्याचं नाव दिसतं. कोड आमचाच, चालतोय पण व्यवस्थित. मला त्याचं फार दुःख झालं असं नाही, पगार वेळेवर होत होता. पण रात्री कधीतरी ती स्क्रीन उघडून बघायचो. अँथनींची गोष्ट मला का चिकटली याचं अर्धं कारण हे असावं.

दुसरं अर्धं कारण म्हणजे घरात पडलेलं व्हायोलिन. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन मागवलेलं, साडेचार हजारांचं. बदलापूरला एक सर आहेत, त्यांच्याकडे वर्षभर गेलो. त्यांनी पहिल्या दिवशीच मला खुर्चीवरून उठवून सतरंजीवर बसवलं, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवायला लावलं आणि तारा सा-प-सा-प अशा लावून दिल्या. यूट्यूबवर बघितलं होतं त्यातलं काहीच लागू पडेना. तिथे सगळे उभे, वाद्य हनुवटीखाली, चार तारा चार वेगळ्या सुरांत.

ही दोन आसनं म्हणजे दोन वेगळी जगं आहेत. हनुवटीखाली धरलं की डावा हात जागेवर नेमका पडतो, उड्या मारतो. सूर ठिपक्यासारखे येतात. खाली बसून, घोट्यावर टेकवून वाजवलं की हात मोकळा घसरतो. मींड येते, सूर रेघेसारखा ओढला जातो. वाद्य तेच आहे, लाकूड तेच, चार तारा त्याच.

आणि गंमत बघा, अँथनी उभं राहून वाजवायला शिकत होते त्याच सुमारास आपल्याकडे बसून व्हायोलिन वाजवणारे एक दांडगे कलावंत घडत होते. पंडित गजाननबुवा जोशी, जन्म १९११, घराणं औंध संस्थानच्या दरबारी गायकांचं. वडील अंतूबुवा गायक, त्यांनीच मुलाला गाणं दिलं. इथेही बाप मास्तर! पण व्हायोलिन शिकवायला घरात कोणी नव्हतं, ते बुवा आपलं आपण शिकले, गळ्यातलं गाणं तारेवर उतरवत. उत्तरायुष्यात बुवा डोंबिवलीत राहायचे. आमच्या लाइनीवर, अंबरनाथहून तिकडे जायला पंचवीस मिनिटं. मी रोज सकाळी ७.४० च्या लोकलने डोंबिवली ओलांडतो आणि मला हे अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

बुवांनी व्हायोलिनला रागात आणलं, म्हणजे वाद्य बदललं, राग तसाच ठेवला. अँथनींना उलटं करायचं होतं. मुंबईत आल्यावर त्यांच्या कानावर राग पडले आणि ते त्यात अडकले. स्टुडिओत त्यांच्या शेजारी सतारिये, सारंगिये, बासरीवाले बसत. एकेक स्वर नुसता न वाजवता फुलवणारे. अँथनींच्या डोक्यात विचार आला की हेच राग घेऊन पूर्ण पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी, शंभर माणसांसाठी, लिहिता आलं तर? फिल्मी गाण्याच्या तीन मिनिटांत नाही, मोठं, सिम्फनीसारखं.

हे ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की कळतं पेच काय आहे. मी एका रविवारी मोबाइलवरच्या पियानो ॲपवर करून बघितला, तुम्हीही बघा. भूप घ्या: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. आता पाश्चात्त्य हार्मनी म्हणजे एका वेळी तीन सूर, एक सोडून एक. सा-ग-प, छान. आता प वर जा: प-नि-रे. नि आला! भूपात नि वर्ज्य. म वर जा: म-ध-सा. म आला. तोही वर्ज्य. पाश्चात्त्य गाणं ज्या तीन खांबांवर उभं असतं त्यातले दोन खांब भूपात रोवताच येत नाहीत. रोवले तर आवाज गोड येईल, पण भूप गेला. हिंदी सिनेमाने हा पेच बहुतेक वेळा सोडून दिला: राग गेला तर गेला, गाणं गोड लागलं पाहिजे. त्यातूनच ती सुंदर गाणी आली, तक्रार नाही.

अँथनींनी लिहिलेल्या रचनांत एक कॉन्चेर्तो राग सारंगमधला आहे. आता वृंदावनी सारंग बघा: सा रे म प आणि दोन्ही निषाद. गंधार नाही, धैवत नाही. म्हणजे सा-ग-प हा पहिलाच, घरचा, खांब गेला. मधली वीटच नाही. घराच्या दारात उभं राहून तुम्हाला घरात शिरता येत नाही. हा राग निवडणाऱ्या माणसाच्या धाडसाला मी सलाम करतो. म्हणजे भूप तरी घ्यायचा ना!

यातून निघायची एक जुनी वाट आहे, आणि ती बरोकच्याच गावातून जाते. खांब उभे करू नका, दोरे विणा. एकावर एक सूर रचण्याऐवजी दोन स्वतंत्र चाली एकाच वेळी चालू ठेवायच्या. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, एक थांबते तेव्हा दुसरी बोलते. याला काउंटरपॉइंट म्हणतात, आणि बाख हा त्याचा बाप. दोन्ही चाली रागाच्याच सुरांत ठेवल्या तर राग मोडत नाही. आपल्याकडच्या जुगलबंदीत, किंवा गायकामागे सारंगी रेंगाळते तेव्हा, याचंच बी असतं. चर्चच्या गायनवृंदात लहानपणापासून वाढलेल्या माणसाच्या कानात हे विणकाम आधीपासून असतं, कारण तिथे चार आवाज चार वाटांनी जातात आणि तुम्हाला आपली वाट धरून ठेवायची असते. फिल्मच्या स्टुडिओत येणाऱ्या सगळ्यांकडे ते नव्हतं. माजोर्ड्याच्या मास्तरांच्या मुलाकडे होतं.

पोटासाठी स्टुडिओ चालूच होता. 'दिल्लगी', 'महल', 'प्यासा', 'नया दौर' अशा सिनेमांशी त्यांचं नाव जोडलं जातं. शिकवण्याही होत्या. वांद्र्याला ते व्हायोलिन शिकवत, आणि तिथे येणाऱ्यांत रामप्रसाद शर्मा या ट्रम्पेटवाल्यांचा मुलगा होता, प्यारेलाल. ट्रम्पेटवाल्याने आपला मुलगा व्हायोलिनवाल्याकडे पाठवला, आपल्या वाद्यातून त्याला बाहेर काढला, हेही मला फार समजूतदारपणाचं वाटतं. माझे बाबा फॅक्टरीत फिटर होते. मी मशीनला हात लावलेला त्यांना चालायचा नाही.

'महल'चं नाव आलं म्हणून एक गोष्ट सांगतोच. १९४९ चा सिनेमा. त्यातल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र, मधुबालाने केलेलं. गाणारी बाई कोण ते छापलेलंच नाही. तेव्हाची पद्धतच तशी. लोकांनी रेडिओवाल्यांना पत्रं लिहून विचारलं तेव्हा नाव बाहेर आलं. आता विचार करा, मुख्य गायिकेची ही कथा तर मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याची काय? तिथे माणसाच्या जागी पात्राचं नाव आलं. आणि अठ्ठावीस वर्षांनी उलटं झालं, एका पात्राला माणसाचं नाव मिळालं. दोन्ही वेळा माणूस दिसेनासाच झाला.

१९५८ मध्ये अँथनींनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा'. वय एकतीस. शंभरावर वादक. गोव्याचे वाचून वाजवणारे आणि आपले हिंदुस्थानी वादक, दिवसा स्टुडिओत एकत्र बसणारे पण अशा कामासाठी कधी एकत्र न आलेले. सेंट झेवियर्स कॉलेजच्या दगडी चौकात कार्यक्रम झाला. 'सोनाटिना इंडियाना' ही त्यांची रचना याच खटपटीतली. गाणारे कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे. मी तो चौक पाहिलाय, कॉलेजात असताना 'मल्हार' फेस्टिवलला गेलो होतो. मित्राचा डान्स होता. मी तिथे उभं राहून वडापाव खाल्ला आणि परत आलो.

मी मनात ती रात्र जुळवायचा प्रयत्न करतो. वर गॉथिक कमानी. शंभर माणसं. अर्ध्यांच्या पुढ्यात कागद, अर्ध्यांच्या डोक्यात. सारंग हा दुपारचा राग. तो त्यांनी कुठल्या वेळेला वाजवला असेल, आणि समोर बसलेल्या एखाद्या जुन्या रसिकाने कपाळाला आठी घातली असेल का? शंभर जणांना तालमीला आणणं, त्यांना निदान गाडीभाडं देणं, प्रत्येकाची ओळ हाताने कागदावर उतरवणं, कारण तेव्हा झेरॉक्स नव्हतं. एकतिसाव्या वर्षी, दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्यांत मधल्या जागा भरून झाल्यावर.

ते टिकलं नाही. असली गोष्ट टिकवायला सरकार लागतं, नाहीतर टाटा लागतात, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना मुंबईत पाश्चात्त्य संगीत हवं होतं तर ते सोवळ्यातलं हवं होतं आणि हिंदुस्थानी हवं होतं तर तेही सोवळ्यातलं. मधल्या माणसाला वाली नव्हता. हे माझं मत आहे. १९६५ मध्ये अँथनी अमेरिकेला गेले, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठात. परत आले ते फिल्मच्या धंद्यात पुन्हा शिरलेच नाहीत, माजोर्ड्याला जाऊन राहिले. गाणं १९७७ मध्ये आलं. ते त्यांच्या गावच्या लग्नांतही वाजलंच असणार.

पुढे चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. एका मराठी माणसाने ते काम केलं याचा मला उगाचच आनंद झाला. १८ जानेवारी २०१२ ला अँथनी गेले. मी तेव्हा शाळेत होतो.

गेल्या डिसेंबरात मित्रांबरोबर गोव्याला गेलो होतो. त्यांना बीचवर सोडलं आणि स्कूटर घेऊन माजोर्ड्याला गेलो. माजोर्डा आता कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. पांढरं चर्च, समोर मोकळी जागा, नाताळच्या ताऱ्यांची तयारी चाललेली. आत गाण्याची तालीम सुरू होती. मी दारातच उभा राहिलो. एक बाई हार्मोनियमसारखा कीबोर्ड वाजवत होत्या आणि आठ-दहा जण गात होते, मधेच थांबून, एकच ओळ पुन्हा पुन्हा. खालच्या आवाजाचे दोन पुरुष सारखे वरच्या चालीकडे घसरत होते. बाईंनी चौथ्यांदा थांबवलं आणि कोकणीत काहीतरी झापलं. मला एवढंच कळलं की 'आपली वाट सोडू नका' अशा अर्थाचं ते होतं, किंवा मला तसं ऐकायचं होतं. व्हायोलिन कुणाच्या हातात नव्हतं.

घरी आल्यावर मी व्हायोलिनच्या तारा परत लावल्या. सध्या सारंगात दोन ओळी विणायचा प्रयत्न करतोय. पहिली मोबाइलवर रेकॉर्ड करतो, ती लावून त्यावर दुसरी वाजवतो. तिसऱ्या आवर्तनात दोन्ही ओळी एकाच वेळी निषादावर येऊन आपटतात, एक शुद्धवर आणि एक कोमलवर, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन वर बघतात.

त्या क्लायंटला मी मेल लिहिला. कामाच्या मेलखाली, वेगळ्या परिच्छेदात: त्या रात्री तुम्ही विचारलं होतं तो माणूस खरा होता, मी चुकीचं सांगितलं. जन्म १९२७, व्हायोलिन, १९५८ चा वाद्यवृंद, १९६५ ला सिराक्यूज. सगळं पाच ओळींत. वाटलं, बघून सोडून देईल. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. टिकटबद्दल एक ओळ, आणि खाली: सिराक्यूज माझ्या घरापासून गाडीने दीड तासावर आहे, माझी मुलगी तिथेच शिकते, तिला विद्यापीठाच्या लायब्ररीत विचारायला सांगतो, नावाचं स्पेलिंग नीट कळव.

मी स्पेलिंग कळवलं. दोनदा तपासून.